प्रोबेटची सक्ती गेली, पुराव्याची जबाबदारी राहिली

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ख्रिस्ती कुटुंबांच्या संदर्भात

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायदा संमत केला. ७१ कालबाह्य कायदे रद्द करीत असतानाच संसदेने भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ यातील कलम २१३ वगळले. त्यामुळे मृत्युपत्रावर प्रोबेट घेण्याची जी सक्ती मुंबईसारख्या शहरांत काही समाजांवर होती ती संपली. ही वार्ता प्रसृत झाल्यापासून ‘आता मृत्युपत्र असले की न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही’ असा समज पसरू लागला आहे. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी ग्रामीण कुटुंबांचे नुकसान होण्याचा संभव आहे. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम प्रोबेट म्हणजे काय ते पाहू. मयत व्यक्तीचे मृत्युपत्र खरे आहे, ते तिने शुद्धीवर असताना व स्वेच्छेने केले आहे, याची न्यायालयाने खात्री करून घ्यायची, त्या मृत्युपत्राची प्रत आपल्या मुद्रेनिशी प्रमाणित करायची आणि मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकास द्यायचा, याला प्रोबेट म्हणतात. या व्यवस्थापकास न्यायालयात ‘एक्झिक्युटर’ म्हणतात. मृत्युपत्रात असा कोणी नेमलेला नसेल, तर प्रोबेटऐवजी मृत्युपत्रासह प्रशासनपत्र मिळते. प्रोबेट एकदा मिळाले की ते मृत्युपत्र खरे की खोटे हा प्रश्न केवळ घरच्या माणसांपुरता नव्हे, तर सर्व जगापुरता निकालात निघतो. पुढे ते रद्द करून घ्यावयाचे झाल्यास कायद्याने सांगितलेली सबळ कारणे दाखवावी लागतात.

ख्रिस्ती समाजावरील जुनी सक्ती

या सक्तीचा इतिहास मोठा विलक्षण आहे. इंग्रजी अमदानीत १८६५ साली उत्तराधिकार कायदा झाला. १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने त्यातील बऱ्याच तरतुदी मुंबई व मद्रास ही शहरे आणि बंगालचा मुलूख येथील हिंदूंना लागू केल्या. पुढे १९२५ च्या कायद्यात हे सर्व एकत्र आले. परिणाम असा झाला की, मृत्युपत्राच्या आधारे न्यायालयात हक्क सांगायचा तर मुंबई शहरातील हिंदूस प्रोबेट आवश्यक, परंतु शहापूर वा मुरबाडच्या हिंदू शेतकऱ्यास अनावश्यक. मुसलमानांना ते कोठेच आवश्यक नव्हते. ख्रिस्ती माणसाला मात्र तो गिरगावात राहो की माळशेज घाटाच्या पायथ्याशी, ते घ्यावेच लागे. एकाच पाड्यावर, एकाच बांधाच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांना दोन निराळे नियम लागू होते.

याहून विचित्र गोष्ट अशी की, मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या भारतीय ख्रिस्ती व्यक्तीच्या वारसांना प्रशासनपत्राची सक्ती नव्हती. कलम २१२ मध्ये त्यांना सूट दिलेली होती. म्हणजे ज्याने काहीच व्यवस्था केली नाही त्याच्या वारसांची वाट सुकर आणि ज्याने दूरदृष्टीने मृत्युपत्र लिहून ठेवले त्याच्या मुलाबाळांना ठाण्याच्या न्यायालयापर्यंत हेलपाटे, अशी ती व्यवस्था होती.

कलम २१३ ला क्लॅरेन्स पेस यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. २००१ साली न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविण्यास नकार दिला. हा भेद धर्मावर नव्हे, तर इतिहास व भूगोल यांवर आधारलेला आहे, असा न्यायालयाचा एकंदर आशय होता. तथापि जे न्यायालयात मिळाले नाही ते संसदेने दिले. २००२ च्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्ती समाजाला कलम २१३ मधून वगळण्यात आले. तेव्हा २०२५ च्या बदलाने मुंबईकर हिंदू व पारशी कुटुंबांना मोठा दिलासा मिळाला असला, तरी शहापूर-मुरबाडच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी ही सक्ती २००२ सालीच संपली होती, हे ध्यानात घ्यावे.

दुसरा एक अन्याय २००३ साली दूर झाला. पुतण्या, भाचा अथवा त्याहून जवळचा नातलग हयात असलेल्या ख्रिस्ती व्यक्तीने धर्मकार्यास वा दानधर्मास काही ठेवायचे तर मृत्युपत्र मरणापूर्वी किमान १२ महिने केलेले आणि सहा महिन्यांच्या आत शासकीय ठिकाणी जमा केलेले असावे, असे कलम ११८ सांगत असे. जॉन वल्लमट्टम या धर्मगुरूंनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. आज एखाद्या भाविकाने शेवटच्या आजारपणात धर्मग्रामाच्या शाळेसाठी वा दवाखान्यासाठी काही ठेवले, तर केवळ ‘वर्ष भरले नाही’ म्हणून ते दान बुडत नाही.

शहापूर-मुरबाडमध्ये हा प्रश्न आज का महत्त्वाचा

ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. उरलेल्या सात तालुक्यांत शहापूर व मुरबाड हेच प्रामुख्याने ग्रामीण राहिले. मुंबईची तहान भागविणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. मुरबाडच्या परिसरात बारवी धरण आहे, औद्योगिक वसाहत आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. धरण असो, रस्ता असो की शहरातील धनिकांची शेतघरे असोत, जमीन घेणारा दारात उभा राहिला की पहिला प्रश्न एकच असतो : सातबाऱ्यावर नाव कोणाचे?

आणि येथेच अडचण सुरू होते. पुष्कळ सातबाऱ्यांवर वर्षानुवर्षे मयत आजोबांचेच नाव चालत आलेले असते. नाव लावलेच असेल तर पुष्कळदा फक्त मुलग्यांचे लावलेले असते. आत्यांची नावे गाळलेली असतात. जमीन दोन पोती भात देत होती तोवर कोणी विचारले नाही. मोबदल्याचा प्रश्न आला की मात्र सारे हक्कदार जागे होतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील संपादनात वारसांत वाद असेल, तर मोबदला कोणाच्याही हाती न देता तो प्राधिकरणाकडे जमा केला जातो आणि वाद मिटेपर्यंत तेथेच राहतो.

शासनाने एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम राज्यभर राबविली आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले. हे पाऊल स्तुत्य आहे. जमीन महसूल संहितेनुसारही वारसाने तीन महिन्यांच्या आत आपल्या हक्काची वर्दी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, द्यावयाची असते. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. फेरफार ही महसुलासाठी केलेली नोंद आहे. तिने मालकी निर्माण होत नाही. मृत्युपत्राबद्दल वाद असेल, तर त्याचा निवाडा दिवाणी न्यायालयात करून घ्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले आहे.

मृत्युपत्र नसेल तर

मृत्युपत्र नसताना भारतीय ख्रिस्ती व्यक्तीच्या मालमत्तेची वाटणी १९२५ च्या कायद्याप्रमाणे होते. पत्नीला, अथवा पत्नी मयत असेल तर पतीला, एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलाबाळांना समसमान. मुलगा व मुलगी असा भेद नाही. विवाहित मुलगी व अविवाहित मुलगी असाही नाही. समजा ९० गुंठे शेत मागे राहिले आणि घरात विधवा, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहे. तर विधवेचे ३० गुंठे आणि प्रत्येक अपत्याचे २० गुंठे. ‘लग्नात दिले, तिचा हक्क संपला’ हे गावचे म्हणणे कायद्याला मान्य नाही. तिने स्वखुशीने व नोंदणीकृत दस्ताने हक्कसोड केली तरच तिचा हिस्सा सुटतो. मुलेबाळे हयात असता मयताच्या वृद्ध आईवडिलांना मात्र या वाटणीत काहीच मिळत नाही. ज्याची आई त्याच्यावर अवलंबून आहे, त्याला मृत्युपत्र करण्याचे हे एकच कारण पुरेसे ठरावे.

अशा बिनमृत्युपत्री प्रसंगी आपल्या राज्यात १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घेता येतो. बँकेतील रक्कम, रोखे अशा येण्यासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते जमिनीसाठी उपयोगी नाही. बँकेच्या वा विम्याच्या कागदावर ज्याचे नाव नामनिर्देशित म्हणून आहे तोच मालक, हाही समज चुकीचा आहे. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीच्या दाव्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समभागांच्या बाबतीत हेच सांगितले : नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, मालमत्ता अखेर मृत्युपत्राप्रमाणे वा वारसा कायद्याप्रमाणेच जाते.

मृत्युपत्र असेल तर

शेजारच्या हिंदू कुटुंबांचे पाहून आपल्याकडेही ‘वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मतः हक्क’ असे बोलले जाते. ख्रिस्ती कायद्यात असा जन्मसिद्ध हक्क नाही. वडिलांना वारशाने आलेला हिस्सा हा त्यांचा स्वतःचा असतो आणि तो ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. गोव्यात निराळी व्यवस्था आहे; तेथे मुलाबाळांसाठी निम्मी मालमत्ता राखीव असते. महाराष्ट्रात तसे बंधन नाही. मृत्युपत्र करणाऱ्याची नैतिक जबाबदारी त्यामुळे अधिकच वाढते. मात्र जे आपले आहे तेवढेच देता येते. आजोबा मृत्युपत्र न करता वारले असतील, तर त्यांच्या शेतात काका व आत्या यांचेही हिस्से आहेत. ते सर्व शेत एकट्याने आपल्या मुलाच्या नावे लिहून ठेवले आणि त्यावर प्रोबेट मिळविले, तरी आत्याचा हिस्सा मुलाचा होत नाही. कारण मृत्युपत्र खरे आहे की नाही एवढेच प्रोबेटचे न्यायालय पाहते; मालमत्ता मुळात कोणाची होती, हे ते ठरवीत नाही.

ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्र करताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, सही व साक्ष. मृत्युपत्र करणाऱ्याने सही वा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष सही करावी. मुद्रांकाचा कागद लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. परंतु तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे ती करून ठेवणे हिताचे आहे. मात्र नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाले असे नव्हे.

दुसरी, साक्षीदाराची निवड. ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार आहे त्याला, अथवा त्याच्या पतीला वा पत्नीला, त्या मृत्युपत्रात दिलेली देणगी कलम ६७ नुसार रद्द होते. बाकीचे मृत्युपत्र टिकते. थोरल्या मुलाला शेत दिले आणि साक्षीला थोरली सून बसविली, तर मुलाचे शेत गेले! हिंदूंच्या मृत्युपत्राला हे कलम लागू नाही. म्हणून शेजाऱ्याच्या मृत्युपत्राची नक्कल करताना ही चूक हमखास घडते. धर्मग्रामास काही द्यावयाचे असेल, तर धर्मगुरूंना साक्षीस न बसविणे बरे, असे आमचे मत आहे; संशयाला जागाच राहू नये.

तिसरी, विवाह. ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्र केल्यानंतर विवाह केला, तर कलम ६९ नुसार ते मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुराने वा विधवेने पुनर्विवाह केला की पहिले मृत्युपत्र कागदाचा कपटा होतो. हा नियमही हिंदूंना नाही. विवाहानंतर मृत्युपत्र नव्याने करावे.

चौथी, जमिनीचा प्रकार. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६ अ चे कडक निर्बंध आहेत. कूळ कायद्याने मिळालेल्या जमिनीचेही तसेच. १९४८ चा मूळ कूळ कायदा मुंबई राज्याचा, आणि गुजरातने तोच पुढे चालविला. त्या कायद्याच्या आधारे गुजरातमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असे ठरविले की, शेतजमीन मृत्युपत्राने बिगर-शेतकऱ्यास देता येत नाही. तेव्हा सातबारा व जुने फेरफार वकिलांना दाखविल्यावाचून जमिनीचे मृत्युपत्र करू नये.

मग प्रोबेट कधी घ्यावे?

सक्ती गेली तरी प्रोबेटची सोय कायद्यात कायम आहे. न्यायालयात वाद गेल्यास मृत्युपत्र सिद्ध करण्याचा भार ते पुढे करणाऱ्यावरच असतो. साक्षीदार हयात असतील, तर त्यांच्यापैकी किमान एकाला न्यायालयात उभे करावे लागते. करणारा आजारी होता, ज्याला लाभ झाला त्यानेच लिहवून घेतले, एखाद्या अपत्याला विनाकारण वगळले, अशा संशयास्पद गोष्टी असतील तर त्यांचे निरसनही त्यालाच करावे लागते. १९५८ साली वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला हा दंडक आजही पाळला जातो.

म्हणून, कोणी वारस हरकत घेण्याचा संभव असेल, मालमत्ता मोठी असेल वा भूसंपादनाचा मोबदला येणे असेल, मुंबईत खोली वा सदनिका असेल, अथवा साक्षीदार वृद्ध असतील, तर प्रोबेट घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे. दहा वर्षांनी वाद उपस्थित झाला आणि तोवर दोन्ही साक्षीदार देवाघरी गेलेले असले, तर खरे मृत्युपत्रही सिद्ध करणे जड जाते. प्रोबेट असल्यास पैसे देणाऱ्या बँकेलाही कायद्याचे संरक्षण मिळते, म्हणून ती खळखळ करीत नाही.

अर्ज जिल्हा न्यायालयात वा तो अधिकार दिलेल्या न्यायाधीशाकडे करावा लागतो. त्यासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, नातलगांची नावे व मालमत्तेची यादी जोडावी लागते. साक्षीदार उपलब्ध असल्यास त्यांच्यापैकी एकाचे पडताळणीचे निवेदनही लागते. न्यायालय नातलगांना नोटिसा काढते. हरकत आली नाही, तर प्रोबेट मिळते. हरकत आली, तर अर्जाचे रूपांतर दाव्यात होते आणि मग वर्षे लोटतात. मालमत्तेच्या मूल्यानुसार न्यायशुल्कही भरावे लागते. याउलट मालमत्ता थोडी, वारस एकमताचे आणि मृत्युपत्र निर्दोष असेल, तर हा खर्च करण्याचे कारण नाही. फेरफाराचा अर्ज पुरेसा आहे.

तात्पर्य, न्यायालयाची शिक्कामोर्तब करण्याची सक्ती जिथे नाही, तिथे मृत्युपत्र बिनचूक करण्याची आणि ते घरच्यांना समजावून सांगण्याची जबाबदारी कुटुंबावर येते. ख्रिस्तसभेचा धर्मकायदाही सांगतो की, मरणोत्तर दान करताना शक्यतो नागरी कायद्याची रीत पाळावी. ती पाळली गेली नसेल, तर दात्याची इच्छा पुरी करण्याच्या कर्तव्याची वारसांना आठवण करून द्यावी.

आमची शहापूर व मुरबाडच्या प्रापंचिक बंधुभगिनींना विनंती आहे की, त्यांनी येत्या काही महिन्यांत तीन कामे करावीत. आपला सातबारा काढून त्यावर कोणाची नावे आहेत आणि कोणाची असायला हवीत, हे पाहावे. मृत्युपत्र असेल, तर त्यावरील साक्षीदार कोण आहेत आणि ते केल्यानंतर विवाह झाला आहे काय, हे तपासावे. आणि मृत्युपत्र करताना मुलींना, सासरी गेलेल्यांनाही, घरी बोलावून आपला विचार सर्वांच्या देखत सांगावा. बापाच्या हयातीत त्याच्या तोंडून ऐकलेला निर्णय, तो मनाविरुद्ध असला तरी, भावंडे सहसा स्वीकारतात. तोच निर्णय त्याच्या माघारी पेटीतून निघालेल्या कागदावर वाचावा लागला की त्यांना त्यात कोणाचा तरी हात दिसू लागतो, आणि ज्या शेताने तीन पिढ्यांना जगविले तेच शेत सख्ख्या भावंडांना एकमेकांच्या दारी पाऊल टाकू देत नाही.